निमोनिया माझा, भाषण ललिताचं

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घेते. निमोनिया मला झाला होता. मला, म्हणजे सुनंदा धोटे हिला. ऑक्सिजनची नळी माझ्या नाकात होती, सुया माझ्या हाताला टोचल्या होत्या आणि वजनही माझंच उतरलं होतं. (ते परत चढलं, पण तो वेगळा विषय आहे.) एवढं ठासून सांगायचं कारण असं, की पांढुर्णा–सौसर बसमध्ये तुम्ही कधी बसलात तर हीच कथा तुम्हाला दुसऱ्या एका बाईच्या तोंडून ऐकायला मिळेल. ती हातवारे करेल, नेमक्या जागी थांबेल, डोळ्यांना पदर लावेल. तुम्हाला वाटेल, काय सोसलं हो बिचारीनं! तिनं काहीही सोसलेलं नाही. ती ललिता बोबडे आहे. तिला नुसता खोकला झाला होता.

तुमच्या घरी कोणी या दुखण्यातून जात असेल तर यातलं उपयोगाचं तेवढं उचला. हेवा माझ्याकडेच राहू द्या. तो मला पुढे औषधासारखा लागू पडला.

रुमालाची सीट

ललिता आणि मी सौसरच्या एकाच सरकारी शाळेत शिकवतो. मी मराठी, ती विज्ञान. दोघी राहतो पांढुर्ण्यात, त्यामुळे सकाळी एकाच बसनं जातो आणि संध्याकाळी एकाच बसनं परततो. इतकी वर्षं शेजारी बसलो आहोत, की कंडक्टर एकीला पाहून दुसरीचंही तिकीट फाडतो.

आमच्याकडे सीट बसून मिळत नाही, रुमाल टाकून मिळते. बस स्टँडात शिरते आहे तोवरच बाहेरून खिडकीतून रुमाल आत फेकायचा. ज्या सीटवर तो पडला ती सीट तुमची. शेताच्या बांधावरून माणसं पिढ्यानपिढ्या भांडतील, पण पडलेल्या रुमालावर कोणी बसणार नाही. ललिताचा नेम असा, की पोळ्यानंतरच्या गोटमारीत, म्हणजे नदीपलीकडच्या सावरगावाशी आमची जी दगडफेक चालते तिच्यात, उतरली असती तर सावरगाववाले घरी बसले असते. ती रुमाल टाकायची, मी कोपर वापरून दारातून आत शिरायचे आणि सीट ताब्यात घ्यायचे. मग तोच रुमाल उचलून त्यानं तोंड पुसायचं आणि तिला परत द्यायचा. त्या सीटवर आधी कोण बसलं होतं, कोण शिंकलं होतं, हा प्रश्न आम्हा दोन सुशिक्षित बायकांना कधी पडला नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. खिडकीवरून. ललिताला बस लागते, म्हणून तिला खिडकी उघडी हवी. मला हवा लागते, म्हणून मला ती बंद हवी. ‘हवा लागणं’ काय असतं हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मान आखडली, हवा लागली. कान ठणकला, हवा लागली. पोरगं किरकिरलं, त्यालाही हवाच लागली. मी लवकर आत शिरत असल्यामुळे खिडकी माझी, आणि थंडी सुरू झाली की मी ती अशी घट्ट लावायचे, की जणू बाहेर वाघ उभा आहे.

सगळी बस माझ्या बाजूनं. मंगळवारी आणि शनिवारी वाटेतल्या जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी, उभ्या माणसाला उभं राहायला जागा नाही, आणि मागून आवाज यायचे, “लावा मॅडम, लावा! हवा लागून राहिली!” मग सगळ्या काचा बंद. आत संत्र्यांचा वास, बामचा वास, आणि पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत जो जो खोकेल त्याचा खोकला सगळ्यांच्या मालकीचा. त्या बसमध्ये माझ्याइतकं लोकप्रिय कोणी नव्हतं.

प्रार्थनेत नाव

थंडी पडली तसा खोकला आधी ललितानं आणला. खो खो करत बसमध्ये, खो खो करत वर्गात. घरी राहायचं सोडून ती रोज आली, आणि एक दिवस मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर सांगितलं, “बोबडे मॅडमकडून शिका. तबियत बरी नसतानाही सुट्टी नाही!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन बोटांनी.

काढा पिऊन ललिता चार-सहा दिवसांत ठणठणीत झाली आणि ताप मला चढला.

माझे यजमान दिवाकर संत्र्याचे व्यापारी आहेत. हंगामात त्यांना बायको दिसत नाही, फक्त ट्रक दिसतात. त्या सकाळी मात्र त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं.

“घरीच राय आज. अंग तापून राहिलं तुह्यं.”

“ललिता नव्हती का गेली खोकत खोकत?”

“मंग? तिले पद्मश्री भेटली का?”

“प्रार्थनेत नाव आलं तिचं.”

दिवाकरांनी कपाळावरचा हात काढून स्वतःच्या कपाळावर मारला. मी गेले. दातावर दात आपटत, खिडकी बंद करून, शाल गुंडाळून गेले. वाटेत कितीजणांना माझा खोकला वाटला, देव जाणे. प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी राहून जोरजोरात खोकले. आणि मुख्याध्यापक? ते त्या दिवशी मीटिंगला गेले होते.

अठ्ठ्याऐंशी

दोन दिवसांनी जिना चढताना मधल्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. दिवाकर मला दवाखान्यात घेऊन गेले. बातमी कळताच ललिताही धावत आली. डॉक्टरांनी माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावला आणि म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी.”

मी शिक्षिका आहे हो. आयुष्यभर शंभरपैकी किती, एवढंच पाहत आले. मी धापा टाकत, पण समाधानानं म्हणाले, “म्हणजे चांगले आले की!”

कोणी हसलं नाही. डॉक्टर दिवाकरांकडे पाहत होते, दिवाकर जमिनीकडे. तेव्हा मला कळलं, की या परीक्षेत अठ्ठ्याऐंशीला नापास करतात.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. छातीच्या एका बाजूला कापूस पिंजून ठेवल्यासारखं पांढरं दिसत होतं. निमोनिया, म्हणाले. आजच नागपूरला न्या.

ते चिठ्ठी लिहीत होते तेवढ्यात ललितानं, सहज म्हणून, स्वतःचं बोट चिमट्यात घातलं. अठ्ठ्याण्णव! खोकला तोच, बस तीच, रुमालसुद्धा तोच. आणि माझ्या एक्स-रेच्या दिवशी पहिली आली कोण, तर ललिता. “मले काहीच नाही वं,” ती हळूच म्हणाली. तिला अपराध्यासारखं वाटत होतं, हे आज कळतं. त्या वेळी मला वाटलं, मिरवते आहे.

डॉक्टरांनी विचारलं, “शाळेत कसं जाता?”

“बसनं.”

“खिडकी?”

“बंद. हवा लागते नं, डॉक्टरसाहेब.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम,” ते म्हणाले, “हवा लागली असती तर बरं झालं असतं.”

हे वाक्य लक्षात ठेवा. हे मला उद्देशून बोललेलं आहे. पुढे ते चोरीला जाणार आहे. डॉक्टर पुढे असंही म्हणाले, की दुखणं नेमकं कुठून आलं हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण बंद गाडी, गर्दी आणि खोकणारी माणसं एकत्र आली, की त्याला घर शोधत फिरावं लागत नाही.

तोंड बंद

नागपूरच्या वॉर्डात मला पहिला हुकूम मिळाला, “बोलू नका. दम वाचवा.” ज्या बाईनं स्वतःच्या बाळंतपणातही सुईणीला किस्से सांगितले, तिला! तोंडावर मास्क, हातात सुई, आणि हवा आत ओढणं हे एकच काम. मी तोपर्यंत श्वास घेते आहे हे मला माहीतही नव्हतं. आता प्रत्येक श्वास जड बादलीसारखा विहिरीतून ओढून काढावा लागत होता, आणि वर आली की बादली अर्धीच.

इथे थट्टा बाजूला ठेवते. एका दुपारी समोरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढला. आत पावलं वाजली, मग वाजली नाहीत. पडदा सरला तेव्हा खाट रिकामी होती आणि चादर बदललेली. मी दिवाकरांचं मनगट धरलं ते जेवणाची गाडी येईपर्यंत सोडलं नाही. तुमचं माणूस असं तिथं निजलेलं असेल तर त्याला ‘घाबरू नको’ म्हणू नका. मनगट द्या.

आता परत हेव्याकडे. माझ्या वाटचं बोलायचं काम दिवाकरांकडे गेलं होतं, आणि त्या माणसाला गोष्ट सांगता येत नाही. भेटायला येणाऱ्यांना ते सांगायचे, “ताप होता. मंग इथं आणलं.” संपलं! जिना नाही, अठ्ठ्याऐंशी नाही, डॉक्टरांचं ते वाक्य नाही. मी मास्कच्या आतून तडफडायचे आणि नर्स धावत यायची, तिला वाटायचं मला त्रास होतो आहे. होतच होता.

त्यात त्यांचा फोन. गाडी भरली का, माल दबला का, मंडीत भाव काय. एकदा मी खुणेनं विचारलं, माझी काळजी आहे की संत्र्यांची? ते भडकले. “दोन दिवस घरी बसली असती त काय झालं असतं? प्रार्थनेत नाव पाहिजे होतं बाईले!” पलीकडच्या खाटेवरचे लोक वळून पाहू लागले. दिवाकर बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा हातात एक संत्रं होतं. सोलत बसले, साल माझ्या नाकाशी धरली. मला वास आला नाही. मग खाली मान घालून म्हणाले, “काल गाडीनं घरी गेलो होतो. तू बोलत नाही त घर खायले उठते वं.”

ती साल ते रोज माझ्या नाकाशी धरत राहिले. एका सकाळी वास आला. मी नुसते डोळे मिटले. त्यांनी उरलेलं अख्खं संत्रं स्वतःच खाल्लं, इतके खूश झाले.

तीन गोळ्या

ऑक्सिजन कमी झाल्यावर मला एक खेळणं मिळालं. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोळी. तोंडानं हवा आत ओढायची की गोळ्या वर उठतात. एक उठली तर बरं, दोन उठल्या तर छान, तिन्ही उठल्या तर घरी जा.

माझी एक उठायची. तीही आळसानं, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं उठतात तशी.

शेजारच्या खाटेवर मोहगावच्या शांताबाई होत्या. माझ्याहून वयानं मोठ्या, दुखणं तेच. पण त्यांनी तोंड लावलं की तिन्ही गोळ्या टण्णकन छताला!

“कसं काय जमते हो तुम्हाले?” मी एवढं वाक्य दोन हप्त्यांत विचारलं.

“बाजारात वांगे इकते मी, बाई. ओरडून ओरडून. तुम्ही काय करता?”

“शिकवते.”

“मंग तुमच्या वर्गात पोरं झोपत असन.”

त्या बाईच्या छातीचा मी जितका हेवा केला तितका कोणाच्या दागिन्यांचाही केला नाही. त्यांचा नातू मोबाईलवर त्यांच्या गोळ्यांचा व्हिडिओ काढायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि जामसांवलीच्या मारुतीला म्हणायचे, “बाप्पा, तूही निजलेलाच आहेस आणि मीही. पण तुझ्या हाती कोणी ही नळी देत नाही. माझी निदान दुसरी तरी उठव.” दुसरी उठली. तिसरी शेवटच्या दिवसापर्यंत हलली नाही. तरी मला घरी पाठवलं, व्यायाम चालू ठेवा म्हणून.

चोरी

ललिता नागपूरला वॉर्डात भेटायला आली होती. मास्क बांधून, हात धुऊन, खाटेपासून दूर उभी. आणि प्रश्न तरी किती! सुई कुठं टोचली? मास्क लावल्यावर कसं वाटते? त्या मोहगावच्या बाई काय म्हणाल्या? गोळ्या किती उठून राहिल्या? मी तुटक तुटक, धापा टाकत सांगत होते आणि मनात म्हणत होते, किती ही माया.

माया कसली! माल गोळा करत होती.

मी घरी आले, उशांना टेकून बसू लागले, तेव्हा आमच्या बसचा कंडक्टर दिवाकरांना संत्र्याच्या मंडीत भेटला. म्हणाला, “बोबडे मॅडम काय सांगते हो धोटे मॅडमची कहानी! जामसांवली कधी आली समजत नाही. अन् आता कोणी खिडकी लावतच नाही. खोकणारा स्वतःहून तोंड झाकून खिडकीपाशी जाते. लोक बोबडे मॅडमले ‘खिडकीवाल्या मॅडम’ म्हणून राहिले.”

दिवाकरांनी हे आनंदानं घरी येऊन सांगितलं. मला पेज कडू लागली. आजार माझा, धापा माझ्या, आणि भाषण ललिताचं! शिवाय माझ्या सीटवर आता रश्मी नावाची नवी अतिथी शिक्षिका बसते, हेही कळलं. तरुण आहे, म्हणे. ऐकते छान, म्हणे.

त्या दिवसापासून मी गोळ्यांचं यंत्र अंगणात घेऊन बसू लागले. बरं होण्यासाठी नाही. परत जाण्यासाठी. पहिल्यांदा अंगण ओलांडलं की बसावं लागायचं. आंघोळ केली की परत निजावं लागायचं. हे सांगते, कारण कोणी मला सांगितलं नव्हतं: ताप जातो, पण ताकद पायी पायी येते, आणि मध्येच रडूही येतं. येऊ द्यावं. मी रडले, की रश्मी ऐकते आहे असं चित्र डोळ्यांपुढे आणायचे आणि परत नळी तोंडाला लावायचे.

एका सकाळी तिसरी गोळी उठली. क्षणभरच, पण उठली. अंगणात एक चिमणी तेवढी होती पाहायला. ललिताला मी कळवलं नाही.

कुठं बसली होती वं?

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी कोणाला न सांगता स्टँडवर गेले. तोंडावर मास्क, डोक्यावरून शाल. ललिताचा रुमाल आत पडताना पाहिला. नेम अजून तसाच. मी मागच्या दारानं चढले आणि बरोबर त्यांच्या मागच्या सीटवर बसले. पुढे माझ्या खिडकीपाशी आता ललिता, आणि तिच्या शेजारी रश्मी. खिडकी उघडी. सगळ्या खिडक्या उघड्या. गार वारा सपासप येत होता, आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. माझ्या राज्यात केवढी ही क्रांती!

गाव मागे पडलं आणि ललितानं घसा साफ केला. बस गप्प झाली. तिनं जिना सांगितला. अठ्ठ्याऐंशी सांगितलं, लोक हसले. मग थांबली, बोट वर केलं आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, हवा लागली असती त बरं झालं असतं!”

बस हास्यानं हलली. माझं वाक्य! आणि खरं सांगू? बोट वर केल्यामुळे ते माझ्यापेक्षा चांगलं झालं. मी शालीचं टोक चावत बसले.

पडदा झाला, संत्र्याची साल झाली. (हे दिवाकरांनी हिला कधी सांगितलं?) शांताबाईंची वांगी झाली. मग आवाज बारीक करून ती म्हणाली, “अन् आमच्या मॅडमनं लय जोर लावला हो. एक गोळी उठली. दुसरी उठली. पण तिसरी काही...”

“उठली!”

मी उभी राहिले होते. सगळी बस मागे वळली.

ललिता म्हणाली, “कुठं बसली होती वं तू?”

“तिसरी उठली. सांग लोकायले.”

“मले काय माहीत? मी त रोज इथंच थांबते.”

“हाव मॅडम,” कंडक्टर म्हणाला. “रोज तिसऱ्या गोळीपाशीच थांबवते ह्या. लोक इचारते, पुढं काय झालं? त म्हणते, पुढचं माह्यं नाही. थे आली की तिलेच इचारजा.”

रश्मी सरकली. मी मात्र बसले नाही. वरचा दांडा धरला, रंगमंचावर यावं तशी उभी राहिले आणि अंगण, नळी, चिमणी सांगायला लागले. दोनच वाक्यं झाली आणि दम संपला. तोंड उघडं, शब्द नाही. बस वाट पाहते आहे.

आणि ललितानं, माझा हात धरून, पुढचं वाक्य बोलून टाकलं. चिमणीचं! जी तिनं पाहिलीही नव्हती! वर तिच्या पंखांचा आवाजसुद्धा काढला.

तेव्हापासून असं चालतं. आम्ही तिघी आता तिघींच्या सीटवर बसतो. सीट पकडणारा रुमाल वेगळा, तोंड पुसायचा वेगळा. खोकला आला की घरी राहतो, प्रार्थनेत नाव येवो न येवो. नवे प्रवासी चढले की मी कथा सुरू करते, आणि मला दम लागला रे लागला की ललिता ती पळवते. म्हणून मी दम वाढवते. डॉक्टर म्हणतात, सुधारणा छान आहे, कोणता व्यायाम करता? मी सांगत नाही.

गेल्या मंगळवारी जामसांवलीला भक्तमंडळी उतरली, नवे लोक चढले, आणि मी तिथून सौसरच्या स्टँडपर्यंत सगळी कथा एकटीनं सांगितली. ललिता तोंड उघडून तयार बसली होती. तिला एक फटसुद्धा मिळाली नाही.

“दम घे वं जरा,” ती शेवटी कळवळून म्हणाली.

“मी दम घेतला की तू सुरू होशील. माहीत आहे मले.”

मी नाही थांबले. खिडकी उघडी होती. चांगली हवा लागत होती.